कमाईचा रकाना

“वारशाचा पैसा यात चालत नाही, लोर्ना,” मिसेस हौगन म्हणाल्या. “निवृत्तीच्या खात्यात काम करून मिळवलेलाच पैसा टाकता येतो. तसा कायदाच आहे.”

पर्समधून काढलेला चेक लोर्नाच्या हातातच राहिला. आईने मागे ठेवलेले सात हजार डॉलर. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास चर्चच्या तळघरात टेबलं मांडून निवृत्त शिक्षिका लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून द्यायच्या. मिसेस हौगन त्यांतल्या सगळ्यांत काटेकोर. कमाईच्या रकान्यावर पेन टेकवून त्या थांबल्या होत्या.

“अगं, काहीतरी केलंच असशील की वर्षभरात. कुणाची मुलं सांभाळलीस? केक विकलेस?”

“आईला सांभाळलं,” लोर्ना म्हणाली. “नऊ वर्षं. नोव्हेंबरात गेली ती.”

“त्याचे कुणी पैसे दिले?”

शेजारच्या खुर्चीतून डेल मोठ्याने हसला. डेल तिचा थोरला भाऊ. तोच तिला गाडीतून घेऊन आला होता आणि आता कॉफीत केक बुडवून खात बसला होता.

“ऐका हिचं! जन्मदात्या आईचं करायचे कुणी पैसे घेतं का गं, वेडाबाई?”

लोर्ना ओशाळली. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ती चीजच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नोकरी सोडून घरी बसली, ती बसलीच. आता तिला एकसष्टावं लागलं होतं आणि जूनमध्ये घर विकायचं ठरलं होतं. चर्चमधल्या बाकीच्या बायकांसारखं म्हातारपणाचं एक खातं आपल्याही नावावर असावं, एवढंच तिला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या नऊ वर्षांना कुणीतरी काम म्हणावं, हेही हवं होतं.

डेलला तरी काय बोलणार? त्याची कंबर धरायची, म्हणून आईला उचलणं त्याला जमत नसे. पण शुक्रवार त्याने कधी चुकवला नाही. येताना बेकरीतला एक क्रिंगल, म्हणजे सारण भरलेला गोड पाव आणायचा आणि आईच्या सरकारी मदतीचा कागद. “कर सही, नाहीतर आईची औषधं अडतील,” म्हणायचा. लोर्ना आईची आंघोळ अर्धी टाकून ओल्या हातानेच सही करायची. तो कागद फुंकून वाळवायचा आणि घडी घालून खिशात ठेवायचा. कागदांच्या बाबतीत डेल फार टापटिपीचा.

“पगार नाही म्हणजे शून्य लिहावं लागेल,” मिसेस हौगन हळहळल्या. “पेन्शन असती तरी उपयोग नव्हता म्हणा. तीही कमाईत धरत नाहीत.”

लोर्नाने मान वर केली.

“मग डेलचं कसं चालतं?” तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरोखरच कोडं पडलं होतं. “कागदगिरणी सोडून याला दहा वर्षं झाली. नुसती पेन्शन येते. आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता सांगतो, यंदाही खात्यात भरले म्हणून.”

डेलच्या हातातला केक कॉफीत तुटून पडला. “चल गं, ऊठ. उशीर झाला. हिला काय कळतंय यातलं!”

“थांबा हो, मिनिटभर बसा,” मिसेस हौगन म्हणाल्या. भावाबद्दल बहिणीच्या मनात किंतू राहू नये, असं त्या भल्या बाईला वाटलं. गेल्या आठवड्यात डेलने दिलेली फाइल त्यांनी उघडली. “तुझ्या भावाचं सगळं नियमात आहे, लोर्ना. त्याला पेन्शनशिवाय पगार आहे ना. घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला राज्य सरकार देतं तो. हे बघ.”

त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. काळजीवाहक म्हणून डेलचं नाव होतं आणि रुग्ण म्हणून आईचं. खाली कामं लिहिली होती. आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, कूस बदलणे. आठवड्याचे तीस तास.

लोर्नाने ते तीनदा वाचलं. मग तिचा आवाज असा फुटला की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली.

“खोटं आहे हे! याने आईला कधी घोटभर पाणी पाजलं नाही. मी केलंय हे सगळं. एकेक दिवस मी केलंय!”

डेल कपात पडलेला केक चमच्याने काढू लागला. मिसेस हौगन गोंधळल्या. चष्मा नीट करून त्यांनी मागची पानं उलटली. दर आठवड्याचं एक पान, तारखेवार लावलेलं.

“पण प्रत्येक पानावर साक्ष आहे, लोर्ना. ‘ही सर्व कामं काळजीवाहकाने केल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.’” त्यांनी बोट ठेवलं तिथे शाई पाण्याने फुटली होती. “ही सही तुझीच ना?”