उलटे फावडे

ओहोटी पूर्ण लागली तेव्हा तो वृद्ध समुद्राच्या बांधावर चढला आणि त्याने आपले फावडे उलटे रोवले: दांडा मातीत, पाते आकाशाकडे.

पाहणाऱ्यांना काही विचारावे लागले नाही. पूर्वजांनी समुद्राकडून मागून घेतलेल्या त्या सखल भूमीत प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा नेमून दिलेला होता. ज्याच्याने तो राखवत नसे, त्याने असे फावडे रोवावे. जो ते उपटील त्याचा तो बांध, त्यामागचे शेत आणि घरही. भरतीचे पाणी बांधाला टेकेपर्यंत कोणी पुढे आले नाही, तर सारे गावाचे.

लोक जमले. वृद्धाची पत्नी खाली अंगणात घराकडे पाठ करून उभी होती.

"काका, आणखी एखादा पावसाळा तरी रेटायचा होतात!" लोहार म्हणाला.

"मी रेटला असता रे. पण हे गुडघे तुझ्या भात्यासारखे कुरकुरतात."

पाणी परतू लागले. फावड्याला कोणी हात लावीना. आपापला तुकडा राखतानाच प्रत्येकाच्या नाकी नऊ येत होते.

शेवटी शेजारच्या तुकड्यावरून वृद्धाचा धाकटा भाऊ आला. दोघांच्या हद्दीवर ठेवलेल्या दगडापाशी बांध पाझरत असे. तो कोणाच्या हयगयीने, या वादापायी दोघा भावांत कित्येक वर्षे शब्द नव्हता. धाकट्याने दांडा दोन्ही हातांनी धरला, हलवला आणि फावडे उपटले.

थोरल्याने कनवटीची किल्ली काढून पुढे केली.

"ती वहिनीला दे," धाकटा म्हणाला. "मी फावडं उपटलंय, तिची चूल नाही."

मोठ्या कष्टाने गुडघे टेकून थोरला दांड्याने पडलेल्या भोकात मुठीमुठीने माती दाबू लागला.

"राहू दे, दादा. बांध आता माझा आहे."

"बांध तुझा. भोक मी पाडलंय."

भरतीचे पाणी बांधाच्या पायथ्याला येऊन टेकले. धाकट्याने क्षणभर त्याकडे पाहिले. मग तो हद्दीपाशी गेला, तिथला दगड फावड्याने उचकटला आणि लोटत लोटत आणून थोरल्याच्या मागे ठेवला.

"बसून बुजव," तो म्हणाला.