वीस मिनिटं

"आता बिल्ड एका मिनिटात होतं," तनुजानं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा हेडफोन चढवले.

याआधी सगळ्यांचा कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करायला धारवाडकर सरांच्या जुन्या स्क्रिप्टला अर्धा तास लागायचा. रोज चार वाजता ती सुरू झाली की काम ठप्प, मग अख्खी टीम खाली मामांच्या टपरीवर. त्या स्क्रिप्टला सरांशिवाय कुणी हात लावत नसे. सर निवृत्त झाल्यावर ते काम नव्या टूलवर हलवताना तनुजाला स्क्रिप्टमध्ये एक विचित्र ओळ सापडली होती: वीस मिनिटं नुसतं थांबायचं. चूक समजून तिनं ती ओळ गाळली.

आज चार वाजता ती सवयीनं उठली. बाकी कुणी उठलं नाही. मामांनी पाच ग्लास मांडले, तिच्या मागे पाहिलं आणि चार परत पालथे घातले.

तिथूनच तिनं सरांना फोन लावला. "सर, स्क्रिप्टमध्ये ती वीस मिनिटं कशाला होती?"

"तुझ्यासाठी गं," सर हसले. "नवीन होतीस तेव्हा डबासुद्धा जागेवरच खायचीस, कुणाशी बोलायची नाहीस. बिल्ड लवकर आटपलं तर कोण खाली उतरतंय? का गं, काढलीस की काय?"

तिनं पालथ्या ग्लासांकडे बघितलं. "नाही सर. आत्ता सगळे टपरीवरच आहोत."

"मग दे की जरा त्यांच्याकडे फोन," सर म्हणाले. "इकडे दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नाही."