रॅमची खाच

"परत नाही बसत?" काशीनाथांनी विचारलं.

"नाही ना, बाबा." अभिनव जुन्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात डोकं घालून बसला होता. "ही बघा, रॅमची खाच इकडे आणि स्लॉटमधला उंचवटा तिकडे. तुमचा बोर्ड जुना आहे, त्याला जुनीच रॅम लागते. जोर लावला तर बोर्डच जाईल."

"मग जोर नको लावूस."

दोन वर्षं बापलेकात चकार शब्द नव्हता. अभिनवने लग्नानंतर सिल्व्हर पार्कला वेगळा फ्लॅट घेतला, तेव्हा काशीनाथ म्हणाले होते, "नवघरचं घर लहान पडलं का रे तुला?" अभिनवही तापला. खाण तशी माती. माघार घेणार कोण? मग दिवाळीनंतर एके दिवशी बाबांचा फोन आला. कॉम्प्युटर फार रखडतोय, रॅम वाढवून देशील का?

अभिनव त्याच रविवारी धावत आला. घाईत आणलेली रॅम बसेना, आणि जुनी परत लावली तर तिनेही मान टाकली. त्याची आई, अंबिका, मात्र खूश झाली. पोरगा आता दर रविवारी येणार होता.

खरं तर योग्य रॅम केव्हाच मिळाली होती. ओळखीच्या दुकानदाराने, रोशनने, एका भंगारातल्या मशीनमधून काढून, खोडरबरने पिना घासून दिली होती. ती तेव्हापासून अभिनवच्या बॅगेत होती. दर रविवारी तो मुद्दाम न बसणारी घेऊन यायचा. कॉम्प्युटर चालू झाल्यावर यायला निमित्त काय उरणार? नुसतं "तुमची आठवण येते" म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"सांगून टाक ना यार," आज निघताना त्याची बायको रसिका म्हणाली होती. "वडील आहेत ते. किती दिवस उल्लू बनवणार?"

त्याला आज फारच अपराधी वाटत होतं. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. टाकीच्या सफाईची टाइप केलेली नोटीस खाली बोर्डावर लागली होती, त्यांच्या सहीची. बिचारे या वयात कुठल्या तरी झेरॉक्सवाल्याकडे खेटे घालत असणार. त्याने बॅगेत हात घातला.

"बाबा, एक सांगायचंय..."

"आधी चहा घे, निवतोय. आणि मिळत नसेल तर सावकाश बघ. मला काही घाई नाहीये."

अभिनवने हात बाहेर काढला. "लॅमिंग्टन रोडला बघतो. पुढच्या रविवारी आणतो."

"आण. येताना रसिकालाही घेऊन ये. आई पुरणपोळ्या करायचं म्हणतेय."

सुनेचं नाव त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घेतलं होतं. अभिनवचे डोळे भरून आले. तो खाली मान घालून स्क्रू पिळत राहिला.

तो गेल्यावर अंबिकाबाईंनी दार लावलं. "अहो, सांगून टाका ना आता त्याला."

"मग तो यायचा कशाला?" असं म्हणून काशीनाथांनी कपाटातल्या गोधड्यांमागे हात घातला आणि दिवाळीच्या आधीच घेतलेला नवाकोरा लॅपटॉप बाहेर काढला.