रिळाच्या शेवटची हाक

"आत ये ना," डोमाजी म्हणाला. "उभी काहून राहिली?"

जाईबाई विहाराच्या उंबऱ्याबाहेरच होती, तोंडाला पदर लावून. आत सतरंजी अंथरलेली, स्टुलावर देवमन मास्तरांचा टेपरेकॉर्डर, कोपऱ्यात संध्याकाळी यायच्या नव्या भंतेजींसाठी झेंडूची टोपली. पोर गेल्यापासून बाईनं विहाराची पायरी चढली नव्हती. आज नवऱ्यानं कापसाच्या जिनातलं काम टाकून ऐन दुपारी तिला ओढत आणलं, आणि कशाला ते वाटेत सांगितलं नाही. सांगायची छातीच झाली नाही, दुसरं काय!

गोष्ट अशी होती, की विहारात रीळ एकुलतं एक. आज त्याच रिळावर नव्या भंतेजींचं प्रवचन भरायचं, म्हणजे त्यावरचं जुन्या भंतेजींचं प्रवचन पुसलं जाणार. कमिटीचं काही चुकलं नव्हतं. तेच ते प्रवचन ऐकून वस्तीचे कान किटले होते. किटले नव्हते ते एकट्या डोमाजीचे.

दर रविवारी तो यंत्राला चिकटून बसायचा. सुरुवातीला त्याला प्रवचनाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला हवं ते अगदी शेवटी होतं. भंतेजी थांबत, रिळातली माणसं तीनदा 'साधु' म्हणत, तोवर ऐकणारे उठून चपला शोधायला लागत. मग त्या गलक्यात शालूचा, त्याच्या गेलेल्या पोरीचा, आवाज यायचा. प्रवचन भरलं त्या दिवशी पोर बापाच्या मांडीवर कंटाळून गेली होती आणि बायांमध्ये बसलेल्या आईकडे बघून ओरडली होती. त्याच उन्हाळ्यात तिच्या अंगावर देवी आल्या. गेली. फोटो नाही, काही नाही; जगात तिचं म्हणून राहिलं ते एवढंच.

पण शेवटापर्यंत पोचायचं तर आधीचं सगळं ऐकणं आलं. ऐकता ऐकता ते आत झिरपलं. "दुःख कोणाच्या कोपानं येत नाही, बापहो," भंतेजी सांगत. "रोगाला रोगाचं कारण असतं. त्यात कोणाचा शाप नाही, की कोणाचं पाप नाही." डोमाजीच्या काळजातला काटा त्या बोलण्यानं निघाला. कारण पोरीच्या मातीला त्याची सासू पार्वताबाई चारचौघांत बोलली होती, "घरची मरीमाय पेढी नदीत सोडली, मंग ते सोडते काय?" हळूहळू त्याची दारू सुटली. झोप लागायला लागली. डोमाजी माणसात आला, असं वस्ती म्हणू लागली.

मरीमाय, ती रोगराईची देवी, नदीत सोडली होती ती मात्र जाईबाईच्या हातांनी. धम्म घेतला त्या वर्षी, हसत हसत. तिचा काटा तसाच होता.

मग त्यानं तिला कधी आणलं का नाही? पहिल्यांदा वाटलं, ऐकून वेडी होईल बिचारी. पुढं वाटलं, आता कुठं दोन घास जेवते, कशाला खपली काढा. आणि खरं सांगायचं तर ते एवढंसं त्याला कोणाबरोबर वाटून घ्यायचंच नव्हतं. माणूस मोठा लबाड! स्वतःच्या लोभालासुद्धा माया म्हणतो.

जाईबाई अखेर आत आली, सतरंजीच्या काठावर टेकली. मास्तरांनी खटका दाबला. खरखर झाली, भंतेजी बोलू लागले. ती खाली मान घालून बसली होती. मग ते वाक्य आलं. तिनं मान वर केली.

"काय म्हनलं त्यायनं?"

मास्तरांनी रीळ मागं फिरवून पुन्हा लावलं. कोणाचा शाप नाही, की कोणाचं पाप नाही. जाईबाई आपल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हंजे," ती नवऱ्याला म्हणाली, "म्या नाही मारली पोर?"

दोघं एका छपराखाली निजत होती, एका ताटलीतली भाकर मोडत होती, आणि ही बाई एवढे दिवस हे उरावर घेऊन होती! "नाही वं," डोमाजी म्हणाला. "कोनं म्हनलं असं?"

रीळ चालूच होतं. साधु. साधु. साधु. लोकांची उठबस, कोणाचा खोकला, आणि मग खणखणीत:

"मायऽ! झालं काय वं? घरी चाल ना!"

"आलो, माय, आलो," म्हणत जाईबाई उठलीसुद्धा. दोन पावलं टाकून मधेच उभी राहिली. जायला कुठं काही नव्हतं. रीळ संपून नुसतंच फिरत होतं. मास्तरांनी ते बंद केलं.

ती वेडी झाली नाही, की तिनं हंबरडाही फोडला नाही. "हे कवाचं हाये?" तिनं विचारलं.

मास्तर शहरातले, बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते कौतुकानं म्हणाले, "वर्ष झालं, बाई. तुमच्या डोमाजींना तर तोंडपाठ आहे. एक रविवार चुकवत नाहीत."

जाईबाई वळली.

"म्या म्हनलं, तुले तरास होईन," डोमाजी पुटपुटला. "म्हून..."

"हाक मले मारली होती तिनं," जाईबाई म्हणाली. "मले. आन वर्सभर आयकत तुमी बसले?"