पेटीला दोन तोंडं

चार्जर पुन्हा बंद पडला. लाल दिवा लागला, म्हणजे तापून तो स्वतःच गप्प बसला. दादांनी डिकीतल्या पत्र्याच्या पेटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. याच्यापेक्षा चहाची किटली बरी.

जुन्या गाडीचं इंजिन काढून त्यांनी घरच्याच गॅरेजमध्ये ती विजेवरची केली होती. मोटर फिरत होती. अडलं होतं ते एवढ्यावरच. बॅटऱ्या भरण्याआधी चार्जर तापायचा. त्याच्या पेटीला दोन तोंडं ठेवली होती. पुढच्या तोंडावर पंखा, हवा आत ढकलायला. मागचं, सीटकडचं तोंड मोकळं, गरम हवा जायला. पुस्तकात असंच होतं. तरी तापायचा. पंखा बदलून मोठा लावला, तरी तापायचा. आणि झाकण उघडून बघायला जावं, तर थंडगार.

"मला बघून लाजतो की काय, कोण जाणे," दादा म्हणाले.

"तुमचाच गुण लागलाय त्याला," बायको दारातून म्हणाली. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. तोवर बॅटऱ्या भरल्या तर गाडी राहील, नाहीतर जाईल. शब्द तुम्हीच दिलाय."

दादांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. काही बिनसलं की चूक आपलीच असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. फक्त ही चूक सापडत नव्हती.

गाडी दोघा भावांनी मिळून सुरू केली होती. वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा पंपांच्या जळलेल्या मोटर पुन्हा तार गुंडाळून दुरुस्त करायचा. एकदा तो म्हणाला, "दादा, वाचून गाडी चालत नसते." दादांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच देत नसत. धाकट्याला ते लागलं. तेव्हापासून अबोला. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं भिंतीकडे बघत. ही गाडी गेली, की दोघांचं मिळून असं काही उरणार नव्हतं.

चार्जर निवला तसा दादांनी पुन्हा सुरू केला. मग त्यांना एक साधी गोष्ट सुचली. आधी का सुचली नाही, याची लाजही वाटली. गुडघेदुखीमुळे पेटीच्या मागच्या अंगाला ते कधी वाकलेच नव्हते. त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, मागच्या सीटवर आडवे झाले आणि हात लांब करून पट्टी मागच्या तोंडाशी धरली. हवा बाहेर येत असेल तर ती फडफडेल.

पट्टी जाऊन तिथे चिकटली.

त्यांनी ती उलटी करून धरली, जणू त्यानं काही फरक पडणार होता. पुन्हा चिकटली. पुढूनही हवा आत आणि मागूनही आत? मग झाकण बंद असताना ती बाहेर जाते कुठून? आपलंच डोकं फिरलंय, असं त्यांना वाटलं.

त्यांनी आरसा आणि टॉर्च आणला. मागच्या तोंडावर बाहेरून आणखी एक पंखा फिरत होता. तोही मोठा. त्याच्या तारा मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, गाठीवर गाठ. तारा अशा बांधणारा या घरात एकच माणूस होता. दुपारच्या डुलकीत जिन्याकडचं दार वाजायचं, ते दादा मांजर समजत आले होते.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. कुठलाही एक पंखा उलटा बसवला की काम झालं. गाडी वाचेल, कुणाला कळणारही नाही. टोक स्क्रूच्या खाचेत बसलंसुद्धा.

मग त्यांनी हत्यार खाली ठेवलं. जिन्यापाशी जाऊन घसा खाकरला.

"अरे, तुझा पंखा हवा आत ढकलतोय!"

वर भांड्यांचा आवाज थांबला. धाकट्याचा आवाज आला, "माझा बरोबर आहे, दादा! उलटा तुझाच बसलाय!"

एरवी दादा मुकाट्यानं मागे वळले असते. चूक आपलीच, म्हणून.

"मग वरून काय ओरडतोस?" ते म्हणाले. "खाली येऊन भांड."