सासूबाईंच्या हातची भाकरी

परातीतून तव्यावर जाता जाता भाकरीचे दोन तुकडे झाले. सुनेनं ते तव्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि सासूबाईंकडे बघितलं.

"जोडता नाही का येणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही पण ना!" सून हसली. एवढ्या दुखण्यातही त्यांची थट्टा सुटली नव्हती.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. शेजारच्या काकू कायमच्या लेकाकडे निघाल्या, त्यांच्या सामानाचा टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि इकडे सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. मैत्रीच तशी होती. दोघींची स्वयंपाकघरं समोरासमोर. या खिडकीतून त्या खिडकीत ताट सरकवता यायचं. प्लास्टरसुद्धा त्या एकट्याच रिक्षानं जाऊन घालून आल्या. कुणाला त्रास द्यायचा स्वभावच नाही.

प्रश्न रविवारचा होता. रविवारी आत्याबाई येणार होत्या.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. नव्या वहिनीचे हात बघून त्यांनी भर लग्नात जाहीर केलं होतं, "या हातांना भाकरी जमायची नाही." पुढं प्रत्येक भेटीत त्या ज्वारीच्या दोन भाकऱ्या मुकाट खायच्या आणि तोंड पाडून हात धुवायच्या. सासूबाईंनी आयुष्यात मिळवलेलं हे सर्वांत मोठं बक्षीस. हात मोडल्याचं कळल्यावर मात्र आत्याबाईंचा लगेच फोन आला, "सुनेला तरी शिकवलं असशील ना, वहिनी? बघायलाच येते."

म्हणजे सुनेची भाकरी फाटली की सासूबाईंची सगळी अब्रू तव्यावर.

"पाणी किती घालू?"

"पीठ मागेल तेवढं."

"उलटायची कधी?"

"ती सांगते."

सून भारावून गेली. मोठे कलाकार असंच बोलतात. तिनं दार पुन्हा नीट लावून घेतलं. भाकरी करताना दार बंद हवं, वाऱ्यानं ती फुगत नाही, हा घरातला जुना नियम. फक्त खिडकी उघडी ठेवायची. आजवर सासूबाईंना भाकरी करताना कुणी बघितलंच नव्हतं.

"आम्ही बाहेर बसून नुसती थपथप ऐकायचो," सासरे अभिमानानं सांगत. "काय लय होती! जेवणाआधीच पोट निम्मं भरायचं."

सून आठवडाभर झटली. गार पाणी सोडून कढत घेतलं, तेव्हा पीठ एकजीव झालं. तळव्यानं रगडून रगडून मळलं, तेव्हा कडा चिरायच्या थांबल्या. वरून पाण्याचा हात फिरवला आणि ते सुकायच्या आत उलटली, तेव्हा भेगा गेल्या. शुक्रवारी विस्तवावर ठेवलेली भाकरी टम्म फुगली. सासूबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अगं बाई, अशी फुगते होय!"

केवढा मोठेपणा, सुनेला वाटलं. स्वतःची कला सुनेच्या हातात इतक्या कौतुकानं कोण बघतं?

रविवारी आत्याबाईंनी भाकरीचा पापुद्रा उचलला, वाफ बघितली, घास घेतला. सासऱ्यांनी श्वास रोखला. सासूबाईंनी प्लास्टर छातीशी धरलं.

आत्याबाईंनी दुसरी मागितली. मग तिसरी. हे आजवर कधीच झालं नव्हतं.

"वहिनी," हात धुताना त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. तुझा हात सुनेत जसाच्या तसा उतरलाय."

"माझं काय त्यात," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "पोरगी गुणाची."

आत्याबाईंना रिक्षात बसवून सून आत आली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात तिची वाट बघत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं. सवयीनं खिडकीकडे बघितलं. पलीकडची काकूंची खिडकी बंद होती. त्यांनी एक सुस्कारा सोडला, पायमोजा काढावा तसं प्लास्टर हातातून ओढून काढलं आणि परात पुढ्यात घेतली.

"हं, आता मला शिकव," त्या हळूच म्हणाल्या. "आधी काय घ्यायचं गं? पीठ की पाणी?"