भरवशाचा खेळ

"घाबरू नका हो, सरळ मागे पडा. मागचे सांभाळतील," मॅडम म्हणाल्या.

मुकादम सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. काचकारखान्यातली यंत्रं बंद करून सगळ्यांना मोकळ्या जागेत उभं केलं होतं. खचलेल्या लोकांचं मन पुन्हा कामात लावायला मॅडम खास मोठ्या ऑफिसातून आल्या होत्या. आधी टाळ्या झाल्या, मग गाणं झालं. लोक आपले मख्खासारखे उभे. आता हा भरवशाचा खेळ, आणि पहिला बकरा मुकादम.

मागच्या महिन्यात तिघांना घरी पाठवलं. "कोण नको ते तुम्हीच सांगा," असं वरून आलं आणि यानं सांगितलं. सांगितलं नसतं तर स्वतःच गेला असता. कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. तेव्हापासून मोठी काच उचलायची वेळ आली की याच्या समोरचं टोक धरायला कुणी पुढे येईना. एकट्यानं काच उचलणं म्हणजे मरणाला बोलावणं, आणि ज्याच्याबरोबर कुणी काच उचलत नाही तो मुकादम कसला?

त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. सहा जणं होती, मधोमध काच कापणारी कटिंगवाली ताई. काढलेल्या तिघांत तिचा सख्खा दीर. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली.

"हं, पडा आता."

त्यानं डोळे मिटले आणि अंग सोडलं.

सहाच्या सहा जणं झटकन मागे सरली.

तो धाडकन फरशीवर आदळला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हे काय? धरलं का नाही कुणी?"

हातमोजे घातलेले सगळे हात छातीशी घट्ट धरलेले. मुकादम कोपर चोळत उठला.

"त्यांची चूक नाही, मॅडम. काच निसटली की झेलायची नाही, मागे उडी मारायची. झेलायला गेलं की हात जातो. पहिल्या दिवशी मीच शिकवतो सगळ्यांना."

"म्हणजे सवयीनं झालं?"

मुकादमानं ताईकडे पाहिलं. तिनं नजर चोरली नाही. सवय होती का सूड, ते तिचं तिलाच माहीत.

"सवयीनंच," तो म्हणाला आणि पुन्हा त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"राहू द्या आता. लागलंय तुम्हाला."

"एकदाच, मॅडम."

कमरेतून कळ येत होती, आणि भीती तर आधीपेक्षा दुप्पट. मागे कुणी जवळ येतंय की आणखी लांब जातंय, काही कळेना. आता वळून बघायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

मग पाठीमागून ताईचा आवाज आला, नेहमीसारखाच तुटक.

"मोजे काढा रे. काच नाहीये ती."